डॅशबोर्डाला भेग पडली तर?

मंडळी, ‘डॅशबोर्ड’ हा शब्द मुळात मोटारीचा नव्हेच. तो घोडागाडीचा आहे. युरोप-अमेरिकेत रस्ते कच्चे होते त्या काळी घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून त्याच्या पायांपुढे एक फळी किंवा कातड्याचा पडदा लावीत. त्या फळीला डॅशबोर्ड म्हणत. पुढे घोडे गेले, इंजिन आले, फळीचे मूळ काम संपले. पण नाव मात्र चिकटून राहिले. आज चालकाच्या समोर, काचेच्या खाली जो आडवा भाग असतो, ज्यात वेग दाखवणारे घड्याळ, दिव्यांची बटणे आणि कागद ठेवायचा कप्पा असतो, त्याला आपण डॅशबोर्ड म्हणतो.

गावात एखादी जुनी पिकअप असते. सकाळी दूध, दुपारी भाजीपाला, बाजारच्या दिवशी बियाणे-खत, आणि अडीनडीला रात्री-अपरात्री आजारी माणूस. सगळे तिच्यातूनच जाते. अशा गाडीच्या डॅशबोर्डावरची गादी पाच-दहा उन्हाळ्यांनंतर तडकते. आधी एक केसाएवढी रेघ दिसते. मग तिच्या कडा वर वळतात, आतला पिवळा फोम दिसू लागतो आणि त्याची भुकटी मांडीवर सांडते. मालक म्हणतो, “इंजिन ठणठणीत आहे, टायर बरे आहेत, ह्या भेगेनं काय बिघडतंय?” इंजिनाचे काही बिघडत नाही, हे खरे. पण ती गादी शोभेसाठी बसवलेली नसते. ती माणसाच्या डोक्यासाठी असते. म्हणून ती दुरुस्त करायची तर कशी करावी, आणि काय मुळीच करू नये, हे आज नीट समजून घेऊ.

गादी आली कशी?

मोटारींच्या पहिल्या काही दशकांत डॅशबोर्ड म्हणजे नुसता पत्रा किंवा लाकूड असे. त्यावर लोखंडी दांडे आणि टोकदार मुठी. गाडी अचानक थांबली की चालकाला निदान हातातल्या चाकाचा आधार असे. शेजारी बसलेला माणूस मात्र सरळ त्या पत्र्यावर आपटे. अमेरिकेत डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथे क्लेअर स्ट्रेथ नावाचे शल्यचिकित्सक होते. अपघातात चेहरे फुटलेली माणसे त्यांच्याकडे येत आणि ते चेहरे शिवून पुन्हा घडवीत. पुष्कळ जखमांचे मूळ डॅशबोर्डाच्या मुठींत आणि कडांत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी मोटार कारखान्यांकडे आग्रह धरला, की बाहेर आलेल्या मुठी काढा आणि डॅशबोर्डावर गादी बसवा. स्वतःच्या गाडीत तर त्यांनी अशी गादी बसवून घेतली होती.

कारखान्यांनी हे सहजासहजी ऐकले नाही. १९४८ च्या टकर मोटारीत गादीचा डॅशबोर्ड होता, पण त्या गाड्या मोजक्याच निघाल्या. १९५६ साली फोर्ड कंपनीने सुरक्षिततेची साधने जाहिरात करून विकायला काढली. त्यांत डॅशबोर्डाची गादी होती. मात्र ती ज्याला हवी त्याने जादा पैसे देऊन घ्यायची. पुढे १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला, आणि त्याखालच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी १९६८ पासून मोटारींच्या डॅशबोर्डाला धक्क्याची परीक्षा लागू झाली. गंमत पाहा, हलक्या मालवाहू गाड्यांना, म्हणजे पिकअपना, हाच नियम लागू व्हायला १ सप्टेंबर १९८१ उजाडला. जणू मालाच्या गाडीत बसणाऱ्या माणसाचे डोके अधिक टणक असते!

ती परीक्षा अशी. ६.८ किलो वजनाचा, १६.५ सेंटिमीटर व्यासाचा, डोक्याच्या आकाराचा गोळा ताशी २४ किलोमीटर वेगाने डॅशबोर्डावर आदळायचा. गोळा थांबताना त्याच्यावर त्याच्या वजनाच्या ८० पटींहून अधिक जोर सेकंदाच्या तीन हजारांश भागापेक्षा जास्त वेळ सलग पडता कामा नये.

गुरुजींसाठी थोडे गणित

ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.६७ मीटर. इतका वेग सव्वादोन मीटर उंचीवरून खाली पडले तरी येतो. म्हणजे ही परीक्षा घराच्या माळ्यावरून डोक्यावर पडण्यासारखी आहे. आता हा वेग शून्यावर यायला किती जागा मिळते, त्यावर सगळे अवलंबून असते. वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागले की मंदावण्याचा दर मिळतो, हे सूत्र वरच्या वर्गातल्या मुलांना माहीत असते. पत्रा जेमतेम एक सेंटिमीटर दबला असे धरले, तर डोक्यावर त्याच्या वजनाच्या सरासरी २२६ पट जोर येतो. तीच जागा तीन सेंटिमीटर मिळाली, तर जोर ७५ पटींवर उतरतो.

माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. साडेचार किलो धरले तर पहिल्या वेळी दहा क्विंटलांचा जोर आणि दुसऱ्या वेळी साडेतीन क्विंटलांच्या आतबाहेरचा. फरक फक्त दोन सेंटिमीटरांचा, म्हणजे दोन बोटांच्या जाडीएवढा. क्रिकेटचा चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, ते ह्याचसाठी. गादी म्हणजे डॅशबोर्डाने मागे घेतलेला हात, असे मुलांना सांगावे. ते विसरणार नाहीत.

ह्यावरून आजच्या विषयाचे मुख्य सूत्र निघते: *डॅशबोर्डाची दुरुस्ती दिसायला सुंदर झाली नाही तरी चालेल, पण ती मऊच राहिली पाहिजे.* मऊ जागी दगड भरून वर रंग मारला, तर भेग मिटते पण गादीही संपते.

आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहा

डॅशबोर्डाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, नुसत्या पत्र्याचा. जुन्या जीपच्या धर्तीच्या गाड्यांत असा असतो. पुष्कळांनी त्यावर मागाहून कुशनवाल्याकडून फोम आणि रेक्झिन बसवून घेतलेले असते. दुसरा, कडक प्लॅस्टिकचा, साच्यातून काढलेला. आपल्याकडच्या बऱ्याच मालवाहू गाड्यांत हा असतो. तिसरा, कारखान्यातूनच आलेला गादीचा: खाली पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा, मध्ये फोमचा थर आणि वर विनाइलची म्हणजे रेक्झिनसारखी साल.

ओळखायला सोपे आहे. अंगठ्याने दाबा. दबून परत वर आले तर गादी आहे. मुळीच दबले नाही तर प्लॅस्टिक. दबले, पण कुरकुर आवाज झाला आणि खड्डा तसाच राहिला, तर गादी आहे खरी, पण आतला फोम मेलेला आहे. ही तिसरी खूण ध्यानात ठेवा; पुढे निर्णय करताना ती कामाला येईल.

भेग पडते कशाने?

शेतात पाणी नेणारा पीव्हीसीचा पाइप आणि गाडीतले रेक्झिन हे एकाच घराण्यातले, हे सांगितले तर पटणार नाही. पण खरे आहे. पीव्हीसी मुळात कडक. त्यात तेलासारखे एक द्रव्य मिसळले की तेच मऊ, लवचिक होते. पाइपात ते घालीत नाहीत, रेक्झिनमध्ये भरपूर घालतात. हे तेल प्लॅस्टिकशी पक्के जोडलेले नसते. मऊ भाकरीतल्या ओलाव्यासारखे नुसते मुरलेले असते. भाकरी उघडी ठेवली की वाळते, तसे हे तेलही वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडते. ते जाते कुठे? बंद गाडीच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर साचतो आणि रात्री समोरच्या दिव्यांनी फाकतो, त्यात हे तेलही असते.

शाळेत ह्याचा प्रयोग बिनखर्चाचा आहे. पांढरे, मऊ, विनाइलचे खोडरबर कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर दाबून बांधा आणि काही आठवडे ठेवून द्या. बहुधा रबर पट्टीला चिकटते आणि पट्टीवर त्याचा ठसा उमटतो. रबरातले तेल पट्टीत शिरले आणि तिला विरघळवू लागले! कंपासपेटीत असे झालेले पुष्कळ मुलांनी पाहिलेले असते. त्याचे कारण मात्र त्यांना ठाऊक नसते.

तेल उडवण्याचे काम मुख्यतः उष्णता करते. अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डाचे तापमान सरासरी सुमारे ६९ अंश सेल्सियस भरले. सावलीतल्या गाड्यांचे भरले ४८. म्हणजे एकवीस अंशांचा फरक. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने उन्हातली गादी सावलीतल्या गादीच्या चौपट वेगाने म्हातारी होते. उन्हातले किरण सालीचा रंग उडवतात आणि तिला ठिसूळ करतात, ते आणखी वेगळेच.

तेल गेले की साल आकसते. खालचा सांगाडा मात्र आकसत नाही. मग साल ओढली जाते आणि जिथे ती आधीच कमजोर असते, म्हणजे हवा येणाऱ्या जाळीच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकापाशी, स्पीकरच्या छिद्रांपाशी किंवा काचेलगतच्या कडेला, तिथे ती फाटते. उन्हाने तडकलेल्या काळ्या जमिनीचे जे गणित, तेच हिचे. एकदा भेग पडली की हवा, ऊन आणि दमटपणा थेट फोमपर्यंत पोचतात आणि त्याचीही भुकटी होते.

अमेरिकेत जुन्या पिकअप जपून ठेवणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. १९७३ ते १९८७ सालांतल्या शेव्हरोले पिकअपचे तडकलेले डॅशबोर्ड त्यांच्यात प्रसिद्धच आहेत. त्यांचा एक अनुभव असा, की वाळवंटी मुलखातली गाडी घेतली तर पत्रा कोरा करकरीत मिळतो, पण डॅशबोर्डाच्या चिंध्या झालेल्या असतात. उलट, बर्फावर मीठ टाकणाऱ्या थंड मुलखातली घेतली तर डॅशबोर्ड धड, पण तळाचा पत्रा गंजलेला. आपल्याकडेही चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात उभी राहणारी गाडी आणि रत्नागिरीच्या खाऱ्या दमट वाऱ्यात उभी राहणारी गाडी ह्यांची दुखणी वेगवेगळीच असतात.

काय करू नये

भेग दिसली की पहिला उपाय म्हणून लोक तेल लावतात. कुणी खोबरेल, कुणी रॉकेल, कुणी डिझेलचा बोळा फिरवतो. डॅशबोर्ड दोन दिवस चकाकतो. पण सालीतून गेलेले तेल वेगळ्या जातीचे. खोबरेलाने ते परत येत नाही, फक्त धूळ चिकटते. रॉकेल आणि डिझेल तर सालीत उरलेले तेलही ओढून बाहेर काढतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. शिवाय चकाकीचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते, आणि सकाळ-संध्याकाळी समोरून ऊन आले की रस्त्यावरचे गुरू-वासरू दिसत नाही.

दुसरी चूक म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी भेगेत भरणे. ती वाळली की दगड होते. सालीबरोबर वाकत नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात कडेने सुटते. आणि सुटली नाही तर आणखी वाईट. डोके आपटायच्या जागी आपणच एक धोंडा बसवला असे होते.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डावर देवाची पितळी किंवा काचेची मूर्ती चिकटवलेली असते. श्रद्धेचा मान आहेच. पण तीच मूर्ती अपघातात कपाळाला लागते. मूर्तीऐवजी छोटी तसबीर कागदाची, कडेला, सपाट चिकटवावी. देव तेवढाच जवळ राहतो आणि गादी मोकळी राहते.

लहान भेगेची दुरुस्ती

भेग वीतभर किंवा त्याहून लहान असेल, आणि अंगठ्याने दाबल्यावर आसपासचा फोम जिवंत वाटत असेल, तर ती घरी किंवा गावातल्या मिस्त्रीकडून नीट होते.

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. डॅशबोर्डाखाली तारांचे जाळे असते. पाना किंवा पेचकस घसरला तर ठिणगी पडते. गाडीला एअरबॅग असेल तर डॅशबोर्डाच्या त्या भागाला स्वतः हात लावू नका. एअरबॅगच्या झाकणावर काही भरणे, चिकटवणे किंवा रेक्झिन ताणणे अत्यंत धोक्याचे. ते काम कंपनीच्या कार्यशाळेचेच.

मग सौम्य साबणाच्या पाण्याने, पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा. आजवर लावलेली पॉलिशे निघून गेली पाहिजेत, नाहीतर काहीच चिकटत नाही. वाळल्यावर धारदार पात्याने भेगेच्या वर वळलेल्या कडा कापून टाका. जीव तुटतो, पण कापल्याच पाहिजेत. वाळून आकसलेली कड पुन्हा सपाट बसत नाही. थोडीच वळली असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून दाबून पाहावी. आतली भुकटी ब्रशने झाडून काढा, जिवंत फोम लागेपर्यंत.

खड्डा खोल असेल तर दाट फोमचा तुकडा त्या मापाने कापून, रबरी चिकटवण लावून बसवा. कुशनवाले वापरतात तीच ही चिकटवण. ती दोन्ही बाजूंना पातळ लावायची, बोटाला चिकटेनाशी झाली की मग दाबायची. घाईने ओली असताना दाबली तर धरत नाही. सुतारकामाचा पांढरा डिंक येथे वापरू नका. उन्हाने तो मऊ पडतो. चिकटवण घेताना दुकानदाराला सांगावे, की सत्तर अंशांच्या उष्णतेत टिकणारी हवी.

फोम सालीच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली राहू द्या. वरची पोकळी पीयू सीलंटने भरायची. हे वाळल्यावरही रबरासारखे लवचिक राहते. गाड्यांची बॉडी बांधणारे सांधे बुजवायला ते वापरतात. एकदम जाड थर देऊ नये. दोन पातळ थर द्यावेत, आणि पहिला पुरता वाळल्यावरच दुसरा. पट्टीने सपाट करताना थोडे वर ठेवावे आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून सम करावे. हे सगळे काम उघड्यावर, हातमोजे घालून करा. ह्या द्रव्यांचा वास छातीला बरा नव्हे.

शेवटी विनाइलला चालणारा, चमक नसलेला, गडद रंग द्यावा. सालीवरची मूळ दाणेदार नक्षी हुबेहूब येणार नाही. जवळून पाहिले तर जखमेचा वण दिसेलच. दिसू द्या. अंगठ्याने दाबून पाहा. दबले आणि परत वर आले, तर काम पास झाले.

कडक प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डाची तऱ्हा वेगळी. तेथे भेगेच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे बारीक भोक पाडावे म्हणजे भेग पुढे धावत नाही. मग मागच्या बाजूने पट्टी जोडून आधार द्यावा. काही प्लॅस्टिकांना चिकटवण धरते, काहींना मुळीच धरत नाही. त्यांना तापवूनच जोडावे लागते. भागाच्या मागे प्लॅस्टिकची जात सांगणारी अक्षरे उमटवलेली असतात, ती पाहून मिस्त्री उपाय ठरवतो.

नवी साल, टोप की नवी गादी?

भेगा पुष्कळ असतील, किंवा साल सगळीकडून पापडासारखी झाली असेल, तर एकेक भेग बुजवण्यात अर्थ नाही. तेव्हा तीन वाटा उरतात.

पहिली वाट कुशनवाल्याची. गादी गाडीतून काढून त्याच्याकडे न्यायची. तो जुनी साल सोलतो, मेलेला फोम खरवडून नवा दाट फोम चिकटवतो आणि वर रेक्झिन कोमट करून ताणून बसवतो. जाळीच्या जागी रेक्झिन मधोमध फुलीसारखे कापून कडा आत वळवायच्या असतात. एकदम मोठे भोक पाडले तर ताण येऊन कोपरा फाटतो. आपण दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. फोम सीटसारखा भुसभुशीत नको, दाट हवा. भुसभुशीत फोम एका दणक्यात तळाला टेकतो आणि त्याचा उपयोग होत नाही. आणि रेक्झिन गडद, बिनचमकीचे हवे.

दुसरी वाट टोपाची. अमेरिकेत जुन्या पिकअपसाठी तयार प्लॅस्टिकचे टोप मिळतात. जुन्या गादीच्या मापाचे पातळ कवच असते, ते सिलिकोनने वरून चिकटवायचे. काम एका दुपारचे, आणि भेगा एकदम दिसेनाशा होतात. पण टोप म्हणजे झाकण, दुरुस्ती नव्हे. खालच्या गादीच्या खड्ड्यांत आधी लवचिक भराव घातला नाही तर टोप पोकळ बसतो, खडखडतो आणि कडेने सुटतो. खालची गादी धड असेल तरच टोप लावावा, आणि काचेवरचे दव घालवणाऱ्या हवेच्या जाळ्या त्याखाली बुजत नाहीत ना, हे लावण्याआधी पाहावे. पावसाळ्यात काचेवर वाफ धरली म्हणजे त्या जाळ्यांची किंमत कळते.

तिसरी वाट म्हणजे गादीच बदलणे. जुन्या गाडीची कोरी गादी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर लोक भंगार बाजारातून मोडलेल्या गाडीची आणतात. त्यात एक फसगत असते. ती गादीही आपल्या गादीएवढीच उन्हे खाल्लेली असते. दिसायला अखंड असली तरी घेण्यापूर्वी अंगठ्याने सगळीकडे दाबा, उलटी करून सांगाडा तडकलेला नाही ना ते पाहा, आणि जाळीचे कोपरे वाकवून बघा. कोपऱ्यात बारीक रेघा दिसल्या तर ती पुढच्या वैशाखात तडकणार हे नक्की. काढताना आणि बसवताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्या. स्क्रू जाळीत, कप्प्याच्या आत आणि काचेच्या कडेला दडलेले असतात. एकही राहिला असताना ओढले तर सांगाडाच मोडतो.

निर्णय कसा करावा?

आता एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, “आमच्या जुन्या गाडीवर इतका खर्च परवडतो का?” रास्त प्रश्न आहे. म्हणून क्रम सांगतो. पहिला पैसा ब्रेकांवर. दुसरा टायरांवर आणि दिव्यांवर. तिसरा सीटच्या पट्ट्यांवर. आणि त्यानंतर डॅशबोर्डावर. गादी कितीही चांगली असली तरी ती पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. पट्टा बांधलेला माणूस डॅशबोर्डापर्यंत जोराने पोचतच नाही. गादी ही त्यामागची दुसरी कड आहे. पट्टा तुटका आणि डॅशबोर्ड मखमली, असली गाडी काय कामाची?

हातात अजिबात पैसा नसेल तर निदान एवढे करा. भेगेच्या उभ्या, धारदार कडा कापून टाका. बाहेर आलेला पत्रा किंवा स्क्रू आत ठोका. त्या जागी दाट फोमचा तुकडा आणि वर रेक्झिनचे ठिगळ चिकटवा. ते ठिगळ दिसेल आणि लोक हसतीलही. पण पुढच्या सीटवर आई मुलाला मांडीवर घेऊन बसते, तेव्हा त्या मुलाचे कपाळ नेमके डॅशबोर्डाच्या उंचीवर येते. खरे तर मुलाला असे पुढे बसवूच नये. मागची सीट असेल तर मूल मागेच बसवावे. पण गावच्या गाडीत हे रोज घडते, आणि घडते तोवर तेथे कापरी कड असण्यापेक्षा ठिगळ हजार वाट्यांनी बरे.

भेग पडूच नये म्हणून

बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये. ज्यांची गादी अजून धड आहे त्यांच्यासाठी हा शेवटचा भाग. गाडी शक्य तेथे झाडाखाली किंवा छपराखाली उभी करा. सावली नसेल तर तोंड अशा बाजूला करा, की दुपारनंतरचे ऊन समोरच्या काचेतून आत येणार नाही. उन्हात उभी करायची वेळ आलीच, तर डॅशबोर्डावर जुन्या चादरीची घडी किंवा गोधडीचा तुकडा पसरा. चालू करण्यापूर्वी मात्र तो आठवणीने काढा, नाहीतर त्याचे प्रतिबिंब काचेत दिसते आणि वळणावर तो घसरून पायांत येतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसा. तेल नको, चकाकणारे पॉलिश नको. अवजड डबे, कुलपे, पाने डॅशबोर्डावर ठेवू नका. तापलेली साल त्यांच्या वजनाने दबते आणि तेथूनच फाटते.

गुरुजींना एक विनंती. गावातली पिकअप एखाद्या दुपारी शाळेच्या आवारात बोलवा. एका थर्मामीटरने उन्हातल्या गाडीच्या आतली हवा मोजा, मग गाडी झाडाखाली लावून तासाभराने पुन्हा मोजा. मुलांना दोन्ही आकडे फळ्यावर लिहू द्या. थर्मामीटर सत्तर अंशांच्या पुढे मोजणारा हवा, तापाचा नव्हे, आणि मोजताना गाडीत कोणी मूल बसलेले नको. फळ्यावरचे ते दोन आकडे मुले घरी जाऊन सांगतील. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या गाड्या झाडाखाली दिसू लागल्या, तर वर्षाच्या अभ्यासक्रमातला एक धडा गावाने पुरा केला असे समजायला हरकत नाही.